आजींचं क्रिएटिनिन १.२

रिपोर्टवर क्रिएटिनिन १.२. लॅबने सरसकट छापलेली मर्यादा १.३ पर्यंत, म्हणून घरचे निर्धास्त. पण तिशीतल्या नातवाचा हाच आकडा असेल तर त्याच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ८३च्या आसपास येते. पंचाहत्तरीच्या आजींची जेमतेम ४७. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. वयानुसार स्नायू झडले की ते तयारच कमी होतं आणि रिपोर्ट उगाच गोंडस दिसतो.

ईजीएफआर तीन महिन्यांहून अधिक काळ ६०च्या खाली राहिला तर तो मूत्रपिंडाचा जुनाट आजार. घाबरण्याआधी लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन मात्र तपासावं. ते जात नसेल आणि ४७ वर्षानुवर्षं तिथेच असेल, तर आजींना फारसा धोका नाही. अल्ब्युमिन जात असेल तर बीपी आणि साखर आवळून धरायला हवी. ही तपासणी फारशी महागही नाही, तरी ती हमखास राहून जाते.

खरा घात होतो गोळ्यांच्या डब्यात. गुडघे धरले की मेडिकलवाल्याकडून डायक्लोफिनॅक येते. बीपीची गोळी आणि लघवीची गोळी आधीपासून सुरूच असते. वेदनाशामक गोळीने मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी आकसते, बीपीच्या काही गोळ्यांनी बाहेर पडणारी सैलावते, लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी घटलेलं असतं. त्यात उन्हाळ्यात जुलाब लागले की दोन दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट होऊ शकतं. अशा वेळी कोणत्या गोळ्या थांबवायच्या, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं.

घरगुती पथ्यंही कधीकधी अंगाशी येतात. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. शहाळ्यातही ते भरपूर. पोटॅशियम वाढलेल्या माणसाला दोन्ही बाधतात. त्यापेक्षा लोणचं-पापड कमी करावं. आणि प्रथिनं नकोत म्हणून डाळ बंद करून आजींना भाताच्या पेजेवर ठेवणं तर मला क्रूरच वाटतं. आधीच थकलेलं शरीर त्याने आणखी खंगतं.

मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात डायलिसिस बहुतेकांना लागत नाही. ऐंशी ओलांडलेल्या, इतर आजारांनी जर्जर झालेल्या माणसाने ते नाकारून केवळ औषधांवर राहणं हाही रीतसर उपचार आहे. ते माणसालाच विचारावं, मुलांनी परस्पर ठरवू नये. हो म्हणाले, तर डायलिसिससाठी हातातली धमनी शिरेला जोडून केलेला फिस्टुला तयार व्हायला काही आठवडे ते महिने लागतात. तोवर आणि त्यानंतरही त्या हाताच्या शिरेतून रक्त काढू देऊ नये, सलाईनही लावू देऊ नये.