२५ मिनिटांचा तास

‘घरबसल्या इंग्रजी शिकवा, तासाला ३०० रुपये कमवा’ अशा जाहिराती बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतात. आकडा खोटा असतो असं नाही. तो कुठल्या तासाचा, एवढंच जाहिरात सांगत नाही.

ऑनलाइन इंग्रजी शाळांचा वर्ग बहुधा २५ मिनिटांचा. समजा, एका वर्गाचे १५० रुपये. शिक्षिकेने संध्याकाळी पाच ते नऊ वेळ ‘ओपन’ ठेवली, म्हणजे आठ वर्गांची जागा झाली. त्यातले पाच भरले. एक मुलगा आलाच नाही, त्याचे निम्मे पैसे. एकूण ६७५ रुपये. पण चारही तास ती लॅपटॉपला बांधलेली, कारण मधल्या रिकाम्या अर्ध्या तासात भाजी आणायला उतरावं तर तेवढ्यात बुकिंग यायचं. शिवाय स्लाइड आधी चाळून ठेवणं, प्रत्येक मुलाचा फीडबॅक भरणं, पालकांच्या मेसेजना उत्तरं देणं, याचा धरा एक तास. पाच तासांचे ६७५, म्हणजे तासाला १३५. यातून टीडीएस कापला गेला तर तो रिटर्न भरल्यावर मिळतो खरा, पण तोवर पुढचं वर्ष उजाडलेलं असतं. हे आकडे मी धरलेले आहेत. ओळखीतल्या एखाद्या शिक्षिकेला विचारून ते बदला, हिशेबाची रीत बदलणार नाही.

वेळेचे तुकडे करून पैसे देण्याची पद्धत जगभर आहे. अमेरिकेतली कॅम्बली ही ऑनलाइन इंग्रजी शिकवणारी कंपनी अनेक वर्षं शिक्षकाला बोलण्याच्या मिनिटाला १७ सेंट देत आली, म्हणजे सलग बोललात तर तासाला १० डॉलर २० सेंट. ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा. शाळेत ऑफ पिरियडचाही पगार असतो. इथे रिकाम्या वेळेचा सगळा तोटा शिकवणाऱ्याच्या पदरात.

वेळेसारखीच जागाही शिक्षिकेचीच. मुलुंडच्या वन-रूम-किचनमध्ये कपाटाच्या दाराला पडदा लावून ‘बॅकग्राउंड’ तयार होतं, बाहेरच्या दारावर ‘क्लास चालू आहे, बेल वाजवू नये’ असा कागद चिकटतो, आणि राउटरशेजारी हजार-दोन हजारांचा मिनी यूपीएस बसतो. घाटकोपर विमानांच्या उतरण्याच्या वाटेवर आहे, त्यामुळे तिथल्या शिक्षिकेचं बोट म्यूटच्या बटणावर सरावलेलं असतं. कुकरची शिट्टी तिकडे शारजाच्या पालकाला ऐकू गेली की रेटिंग उतरतं, आणि रेटिंग उतरलं की पुढच्या आठवड्याचं बुकिंग. अंधेरी-बोरिवलीत वीज अदानीची, मुलुंडमध्ये महावितरणची. गेली कोणाचीही, तरी गैरहजेरी शिक्षिकेच्याच नावावर.

अमेरिकेतली मुलं असतील तर घड्याळच उलटं. न्यू जर्सीत उन्हाळ्यातले संध्याकाळचे सहा म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षा आणि घरापर्यंत पोहोचवण्याची सोय लागते. मालाडच्या माइंडस्पेसमधल्या कॉल सेंटरच्या गाड्या रात्रभर उपनगरांतून फिरतात त्या यासाठी. घरच्या घरी साडेतीनला उठणारीला कसली गाडी आणि कसली संमती?

या धंद्याची नस पकडायची तर कंपन्या कशा हातोहात जातात ते पाहावं. भारतात बसून परदेशी मुलांना शिकवण्याचा खेळ बंगळुरूच्या ट्यूटरव्हिस्टाने २००५ मध्ये मांडला. ती ब्रिटिश प्रकाशनसंस्था पिअर्सनकडे गेली, तिथून २०१७ मध्ये ऑनलाइन शिकवणीच्या बायजूज कंपनीकडे. मुंबईत २०१८ साली सुरू झालेल्या व्हाइटहॅट ज्युनिअरचा विषय कोडिंगचा, पण साचा हाच: घरून शिकवणाऱ्या स्त्रिया आणि एकास एक वर्ग. ऑगस्ट २०२० मध्ये बायजूजने ती ३० कोटी डॉलरला घेतली, वर्षभरात संस्थापक बाहेर पडले, आणि जुलै २०२४ मध्ये बायजूजच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. चीनने जुलै २०२१ मध्ये परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून आपल्या मुलांना शिकवून घ्यायला बंदी केली, तेव्हा व्हीआयपीकिड या चिनी शिकवणी-मंचावरच्या हजारो अमेरिकी शिक्षकांचं काम असंच गेलं. कंत्राटावरच्या शिक्षकाला नोटीस-पगार कुठला?

मग कायदा काय करतो? इथे गोष्ट गोव्यात जाते. करंजाळ्याच्या एका शाळेतल्या शिक्षिका ए. सुंदरंबाळ यांना कामावरून काढलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं, आणि १९८८ मध्ये निकाल लागला की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक ‘कामगार’ नाही. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांतल्या शिक्षकांना त्याची फारशी झळ बसली नाही, कारण त्यांच्यासाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा होता आणि दाद मागायला शाळा न्यायाधिकरण. पण तो कायदा मान्यताप्राप्त शाळांचा. ॲपवरची शाळा शाळा नाही, तिथली शिक्षिका कामगार नाही, आणि करारात ‘स्वतंत्र कंत्राटदार’ लिहिलेलं असल्यामुळे कर्मचारीही नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची भरपगारी रजा, सगळं या तीन नकारांत वाहून जातं.

एक फट उघडली आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ कायद्यात आला. मंचचालक कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सुरक्षा निधीत द्यायची आहे. संहितेच्या परिशिष्टात टॅक्सी, जेवण पोहोचवणं, आरोग्यसेवा अशी नावं आहेत. शिक्षणाचं वेगळं नाव नाही, पण ‘इतर कोणतीही वस्तू वा सेवा’ असं शेवटचं कलम आहे आणि त्यात शिकवणी बसायला हरकत नसावी. माझ्या मते मात्र संहिता विम्यापाशी थांबते. न आलेल्या मुलाचे पैसे किती, शिक्षिकेचा आयडी बंद करण्याआधी कारण सांगायचं की नाही, हे ती ठरवत नाही. ते करारच ठरवतो.

तो करार मोबाइलवर ‘आय ॲग्री’ दाबून होतो. दाबण्यापूर्वी निदान शेवटचं पान वाचावं. वाद झाल्यास कुठल्या शहरातल्या न्यायालयात जायचं ते तिथे असतं, आणि बरेचदा ते शहर गुरुग्राम किंवा बंगळुरू असतं. थकलेले नऊ हजार रुपये मागायला बोरिवलीहून तिथे कोण जाणार, हे करार लिहिणाऱ्याला ठाऊक असतं.