‘द्वाड’ मुलांचा उन्हाळा

मे महिन्याची सुट्टी लागली की शाळांची दारे बंद होतात आणि मुलांचा दिवस मोकळा होतो. हा मोकळेपणा सर्वच घरांना सारखा पेलवतो असे नाही. पुणे शहराच्या दक्षिणेस असलेल्या बिबवेवाडीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. एकीकडे सदनिकांच्या वसाहती, दुसरीकडे अप्पर इंदिरानगरची दाट वस्ती आणि जवळच मार्केट यार्डाची पहाटेपासूनची उलाढाल, असे या परिसराचे स्वरूप आहे. आईवडील दोघेही कामावर जात असतील तर मूल कोणाच्या भरवशावर ठेवावे, हा प्रश्न घराघरांत उभा राहतो. त्यातून ते मूल हट्टी किंवा मारकुटे म्हणून ओळखले जात असेल, तर शेजारीही ते सांभाळण्यास राजी नसतात आणि छंदवर्गातूनही त्याला परत पाठविले जाण्याचा संभव असतो. वर्षभर शाळेत ‘द्वाड’ ठरलेले मूल सुट्टीतही द्वाडच राहते.

अशा लहान मुलांसाठी भरविलेल्या उन्हाळी शिबिरात जे तरुण-तरुणी काम करतात, त्यांना कागदोपत्री समुपदेशक म्हटले जाते. मुलांच्या लेखी मात्र ते ताई आणि दादाच असतात. त्यांचे काम मुलांना केवळ गुंतवून ठेवण्याचे नाही आणि उपचार करण्याचेही नाही. मुलाचे वर्तन समजून घेणे आणि ती समज जून महिन्यात शाळेपर्यंत पोहोचविणे, हे त्या कामाचे खरे मर्म होय.

जुनी परंपरा, नवी गरज

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे बालमार्गदर्शन केंद्र उघडण्यात आले. देशातील अशा स्वरूपाचे ते पहिले केंद्र मानले जाते. बालशिक्षणाच्या क्षेत्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे केलेल्या कार्यात अनुताई वाघ यांची मोलाची साथ त्यांना लाभली. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, असे म्हणून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी बालवाडी पाड्यावरील अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मूल व्यवस्थेत बसत नसेल तर आधी व्यवस्था तपासून पाहावी, हा धडा त्या कार्याने घालून दिला.

परदेशातही या दिशेने प्रयत्न झाले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम पेल्हॅम यांनी १९८० साली फ्लॉरिडा राज्य विद्यापीठात अवधान टिकत नसलेल्या व अतिचंचल मुलांसाठी उन्हाळी उपक्रम सुरू केला. खेळ, अभ्यास व मित्रांचा सहवास यांतूनच वर्तनाचे शिक्षण द्यावे, चांगल्या कृतीची नोंद गुणांच्या रूपाने तत्काळ व्हावी आणि दररोज पालकांना अहवाल मिळावा, ही त्याची प्रमुख सूत्रे होत.

दिवसाची आखणी

चंचल किंवा भित्र्या मुलाला सर्वाधिक त्रास अनिश्चिततेचा होतो. म्हणून शिबिराचा दिवस रोज एकाच क्रमाने जावा लागतो. प्रार्थना, मैदानी खेळ, पाणी, चित्रकला, खाऊ, गोष्ट आणि निरोप, हा क्रम चित्रांच्या तक्त्यावर भिंतीला लावला तर वाचता न येणारे मूलही पुढे काय आहे ते जाणू शकते. पुण्याच्या मे महिन्यातील ऊन लक्षात घेता मैदानी खेळ सकाळी लवकर आटोपणे इष्ट ठरते.

भांडणे बहुधा खेळ रंगात असताना होत नाहीत. खेळ थांबविताना, रांगेत उभे राहताना किंवा आपली पाळी येईपर्यंत वाट पाहताना होतात. खेळ संपण्यापूर्वी पाच मिनिटे आधी सूचना देणे, रांग लहान ठेवणे आणि एका वेळी एकच गोष्ट सांगणे, एवढ्यानेही बरेच वाद टळतात. कौतुकही नेमके असावे. “शहाणा आहेस” या शब्दांपेक्षा “रागावलास, पण हात उगारला नाहीस” हे शब्द मुलाला आपण नेमके काय चांगले केले ते सांगतात.

तरीही एखादे मूल अनावर होतेच. अशा वेळी इतर मुलांना शांतपणे बाजूला न्यावे, आवाज खाली आणावा आणि त्या मुलाजवळ राहून त्याला सावरण्यास अवधी द्यावा. भर रागात केलेला उपदेश त्याच्या कानांपर्यंत पोहोचत नाही. मुलाला कोंडणे, मारणे, इतरांसमोर लाजविणे किंवा त्याचा खाऊ व पाणी बंद करणे, यांना शिबिरात स्थान असू शकत नाही.

तीन रकान्यांची वही

ताई-दादांचे सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे एक साधी वही. तिच्यात तीन रकाने असतात : आधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर काय झाले. समजा, सात वर्षांचा एक मुलगा रोज साहित्य फेकून देतो. आठवडाभराच्या नोंदी वाचल्यावर असे आढळू शकते की, फळ्यावरून काही उतरवून घेण्यास सांगितले तेव्हाच तो फेकाफेक करतो आणि बाहेर काढले की त्या कामातून सुटतो. येथे प्रश्न उद्धटपणाचा नसून कदाचित दृष्टीचा अथवा वाचन-लेखनातील अडचणीचा असेल. हाक मारूनही न येणाऱ्या मुलीला ऐकू कमी येत असेल. दहाच्या सुमारास रोज चिडणारे मूल घरून उपाशी आलेले असेल. वर्तन ही मुलाची भाषा आहे; वहीमुळे ती वाचता येते.

कार्याच्या मर्यादा

ही नोंद म्हणजे निदान नव्हे. ‘स्वमग्न’ किंवा ‘अतिचंचल’ असा शिक्का मारण्याचा अधिकार ताई-दादांना नाही. मुलाला चालू असलेल्या औषधांत बदल सुचविण्याचाही नाही. शंका असल्यास पालकांना विश्वासात घेऊन तज्ज्ञांकडे जाण्याचा मार्ग दाखवावा. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अभिप्रेत असून, पुढील साहाय्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचाही समावेश आहे.

मुलांची सुरक्षितता हा विषय सर्वांत महत्त्वाचा. एकटे मूल आणि एकच प्रौढ बंद खोलीत राहू नयेत. एखाद्या मुलाच्या बोलण्यातून वा वागण्यातून लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास ती दडवून ठेवता येत नाही. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. याखेरीज, दिवसभर मुलांचा राग झेलणारे तरुणही थकतात. मुले घरी गेल्यावर ज्येष्ठ मार्गदर्शकासमवेत पंधरा मिनिटे मोकळेपणाने बोलण्याची सोय केली, तर दुसऱ्या दिवशीचा संयम टिकतो.

शाळा उघडल्यानंतर

शिबिरात स्थिरावलेले मूल जूनमध्ये पुन्हा त्याच वर्गात जाते. त्याला काय जमले, कशाने ते चिडते आणि कशाने शांत होते, हे वर्गशिक्षकांस ठाऊक नसेल तर पहिल्या आठवड्यातच जुनी ओळख परत येते आणि उन्हाळ्याचे श्रम वाया जातात. म्हणून पालकांच्या संमतीने एका पानाचे टिपण शिक्षकांकडे दिले जाणे अगत्याचे आहे. त्यात मुलाचे दोष मोजू नयेत; उपयोगी पडलेले उपाय लिहावेत. “पुढच्या बाकावर बसवावे”, “वह्या वाटण्याचे काम द्यावे”, “सूचना एकेक करून द्याव्यात” अशी चार-पाच वाक्येही पुरतात.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे, तर कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. शिक्षा बंद झाली की तिच्या जागी काय करावे, हा शिक्षकांचा रास्त प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर या साध्या टिपणात सापडते.

बिबवेवाडीत जे करता येईल ते गावपातळीवरही अशक्य नाही. सुट्टीत रिकामी असलेली शाळेची खोली, सावलीचे अंगण, पिण्याचे पाणी, दोन-तीन समंजस तरुण आणि त्यांना आधी काही दिवस मार्गदर्शन करणारी जाणकार व्यक्ती, एवढ्यावर आठ-दहा मुलांचे लहान शिबिर उभे राहू शकते. पंचायत सदस्यांनी जागा द्यावी, शिक्षकांनी मुले सुचवावीत आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी तपासणीची जोड द्यावी. ज्याला कोणी खेळायला घेत नाही, त्या मुलाची जूनमधली पहिली हजेरी “आला का हा पुन्हा” या शब्दांनी न होता त्याच्या नावाने व्हावी, यासाठी एवढे श्रम निश्चितच सार्थकी लागतील.