आवाज वाढवा, पण फाटू देऊ नका

कळंबला दुपारी ओटीवर बसलं की समुद्राची गाज ऐकू येते. अशाच एका दुपारी सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही कॅसेटवर घेतल्या होत्या. सासूबाई आज नाहीत. त्यांचा आवाज उरलाय तो तेवढ्या एका कॅसेटवर.

दिवाळीला नणंदांना द्यायला म्हणून त्याच्या एमपी-थ्री फाइली करून घेतल्या. आवाज फार बारीक होता, तेव्हा दुकानदाराला म्हटलं, "जरा मोठा करा हं." त्याने केला. घरी येऊन ऐकते तो काय, प्रत्येक ओवीचा वरचा सूर फाटलेला! नशीब, कॅसेट जपून ठेवली होती. मग भाच्याला शेजारी बसवून घरीच काम केलं. तेव्हा जे शिकले ते, मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगते.

फाइलीतल्या आवाजाला वरची हद्द असते, तिला शून्य डेसिबल म्हणतात. पातेल्याचा काठच म्हणा ना! त्यावर गेलेला आवाज कापला जातो आणि कानाला फाटका लागतो. नंतर तो कमी केला तरी उपयोग नाही; उतू गेलेलं दूध पातेल्यात परत येतं का?

म्हणून कॅसेट संगणकावर घेताना सर्वांत मोठा सूरही शून्याच्या सहाएक डेसिबल खाली राहू द्या. ही पहिली फाइल 'वेव्ह' प्रकारात ठेवा आणि तिला हात लावू नका. वाढ-घट करायची ती तिच्या नकलेवर. 'ऑडॅसिटी' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम त्याला पुरतो. एमपी-थ्री अगदी शेवटी करा. ती करताना आवाजाचा काही भाग गाळला जातो आणि पुन्हा पुन्हा केली तर दर खेपेला आणखी गाळला जातो.

एक ओवी हळू, दुसरी मोठी, असं असेल तर? नुसता सर्वांत उंच आवाज पाहून पातळी लावू नका. जात्याचा एकच खडखडाट मोठा असला तर हिशेब त्यावरच अडतो आणि ओवी बारीकच राहते. 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' सगळ्या ओवीचा सरासरी जोर पाहतं. ते वापरा, मात्र काठ ओलांडला नाही ना, हे पाहून घ्या. आधीच केलेल्या एमपी-थ्री असतील तर 'एमपी-थ्री-गेन' पुन्हा न गाळता दीड-दीड डेसिबलने आवाज कमी-जास्त करतं. एवढं लक्षात ठेवा, की आवाज वाढवला की मागची खरखरही तेवढीच वाढते.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या लाखभर ओव्यांचा ठेवा २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर येऊ लागला. आपल्या घरच्या कॅसेटचं काम मात्र आपल्यालाच करायला हवं. टेप जुनी होते, ती वाट पाहत नाही.

भाचा म्हणत होता, "मामी, मागचा आवाज काढून टाकू या." मी म्हटलं, राहू दे. दिवाळीला मोठ्या वन्संनी पहिली ओवी ऐकली आणि डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, गाज येतेय मागे!"