समजून घ्या : २०० वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्यावर आलेल्या मिशनरी कुटुंबांनी इथे संसार कसा मांडला?

हरिहरेश्वरहून दापोलीला जाताना बागमांडला जेट्टीवर गाडी फेरीबोटीत चढते आणि काही मिनिटांत सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरते. खाडी रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांची सीमा आहे. समोर टेकडीवर दिसतो तो बाणकोटचा किल्ला. हिंमतगड किंवा फोर्ट व्हिक्टोरिया ही त्याचीच नावं.

याच बाणकोट-हर्णैच्या पट्ट्यात १८२० च्या दशकात स्कॉटलंडहून आलेली मिशनरी कुटुंबं राहत होती. अनोळखी भाषा, साथीचे रोग आणि महिनोन्‌महिने न मिळणारी घरची खबर यांच्याशी झगडत त्यांनी घर उभं केलं. धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता. पण त्यातून मराठी भाषा, मुलींचं शिक्षण आणि रायगडच्या बेने इस्रायल समाजावर झालेले परिणाम बरेच वेगळे निघाले.

मुंबईजवळ अलिबाग असताना बाणकोट का?

याचं उत्तर तेव्हाच्या नकाशात आहे. आजचा रायगड जिल्हा त्या वेळी एका सत्तेखाली नव्हता. अलिबागवर आंग्र्यांचं राज्य होतं, ते १८४० मध्ये कंपनी सरकारने खालसा केलं. मुरूड-श्रीवर्धनकडे जंजिऱ्याच्या सिद्दींचा अंमल होता. बाणकोट मात्र १७५६ पासून इंग्रजांकडे होतं. कंपनीच्या मुलखात राहणं परदेशी कुटुंबाला साहजिकच सोयीचं.

अर्थात कंपनीचंही मिशनऱ्यांवर सुरुवातीला प्रेम नव्हतं. धर्मप्रसारामुळे लोक बिथरतील आणि व्यापार अडचणीत येईल, अशी भीती होती. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकनांना परत पाठवण्याची तयारी झाली होती. त्याच वर्षी कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांसाठी दार किलकिलं झालं.

या स्थलांतराची किंमत किती होती?

हॉल आणि नॉट यांच्या गटातल्या सॅम्युएल न्यूएल यांची पत्नी हॅरिएट १८१२ मध्ये कोलकात्याला पोहोचली. तिथून निघून जाण्याचा हुकूम झाल्यावर दोघं मॉरिशसला निघाले. वाटेत जन्मलेलं बाळ दगावलं आणि काही आठवड्यांनी, वयाच्या १९ व्या वर्षी हॅरिएटचाही मृत्यू झाला. सॅम्युएल पुढे मुंबईला आले, १८२१ मध्ये कॉलऱ्याने गेले. १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात हॉल यांचाही बळी कॉलऱ्यानेच घेतला.

बाणकोटची सुरुवातही अशीच झाली. डोनाल्ड मिचेल हे स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे इथे आलेले पहिले मिशनरी. ते १८२३ मध्ये आले आणि त्याच वर्षी वारले. तरीही माणसं येत राहिली. जेम्स मिचेल, जॉन स्टीव्हन्सन, रॉबर्ट नेस्बिट ही त्यातली काही नावं.

विल्सन दाम्पत्य इथे काय करत होतं?

१८२९ च्या फेब्रुवारीत जॉन आणि मार्गारेट विल्सन मुंबईत उतरले. जॉन २४ वर्षांचे, मार्गारेट ३३ वर्षांच्या. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. मराठी शिकण्यासाठी दोघं लगेच कोकणात गेले.

आज नवी भाषा शिकायची तर आपण ॲप उघडतो. विल्सन यांच्याकडे धड मोठा मराठी-इंग्रजी कोशही नव्हता. विल्यम कॅरी (१८१०) आणि व्हान्स केनेडी (१८२४) यांचे कोश होते, पण मोल्सवर्थचा प्रसिद्ध कोश यायला अजून दोन वर्षं होती. शिवाय छापील पुस्तकांची बाळबोध आणि रोजच्या व्यवहारातली मोडी अशा दोन लिप्या. तरीही काही महिन्यांतच जॉन लोकांसमोर मराठीत बोलू लागले.

पुढे १८५७ मध्ये मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मराठीच्या घडणीवर त्यात टिपण लिहिलं ते याच जॉन विल्सन यांनी. आपण ऑनलाइन मोल्सवर्थमध्ये शब्द शोधतो, तो याच आवृत्तीत. स्टीव्हन्सन यांनीही १८३३ मध्ये मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं.

घरच्यांशी संपर्क कसा व्हायचा?

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर ‘लेटन्सी’ भयंकर होती. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायची आणि प्रवासाला चार-पाच महिने सहज लागायचे. म्हणजे पत्र पाठवून उत्तर हातात पडेपर्यंत जवळपास वर्ष. आई आजारी असल्याचं कळेपर्यंत ती बरी झालेली असायची किंवा गेलेली. १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला ३२ दिवसांत पोहोचली, तेव्हा कुठे हे अंतर आटोक्यात येईल अशी आशा दिसली.

पावसाळ्यात मुंबईही दूर व्हायची. समुद्र खवळला की मचवे, पडाव किनाऱ्यावर ओढले जायचे. आजही गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात, पण आपल्याकडे रस्ता आहे, रो-रो आहे. तेव्हा कोकणातल्या कुटुंबाकडे वाट पाहण्यापलीकडे पर्याय नव्हता.

मार्गारेट विल्सन यांचं नाव कमी का ऐकू येतं?

जॉन यांच्या नावाचं विल्सन कॉलेज गिरगाव चौपाटीवर उभं आहे. मार्गारेट यांचं काम मात्र मागे राहिलं. कोकणातून मुंबईला परतल्यावर त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपली सुरुवात १८३२ मध्ये त्यांनी काढलेल्या शाळेपासून मोजते.

१८३५ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांचं मुंबईत निधन झालं. भारतात त्यांना मिळाली जेमतेम सहा वर्षं. त्यांच्या मागे त्यांच्या बहिणी स्कॉटलंडहून आल्या आणि त्यांनी शाळांचं काम हाती घेतलं.

बाणकोटच्या गटातले जेम्स मिचेल पुढे पुण्याला गेले. जोतीराव फुले शिकले ती पुण्यातली शाळा याच स्कॉटिश मिशनची.

लोकांनी हे सगळं मुकाट्याने स्वीकारलं का?

नाही. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांनी विल्सन यांच्याशी मुंबईत जाहीर वाद घातला आणि ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक लिहिलं. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांनी धर्मांतर केल्यावर प्रकरण कोर्टात गेलं आणि पालकांनी मुलांना मिशनच्या शाळेतून काढून घेतलं. आपल्या घरातलं माणूस दुरावेल ही भीती खरी होती. शाळा हवी, पण धर्म सोडायचा नाही, हा पेच अनेक घरांत होता.

रायगडच्या बेने इस्रायलींचा यात काय संबंध?

या पेचातून सर्वांत सुंदर वाट काढली ती याच किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल समाजाने. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनिवार तेली’. किहीमकर, रोहेकर, पेणकर ही आडनावं रायगडच्या गावांवरूनच आली.

अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्रायली शिक्षक होते. विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. बाकीच्यांनी हिब्रूच्या आधारे स्वतःचा धर्म अधिक पक्का केला. अलिबागचं सिनेगॉग १८४८ चं आहे. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची स्वतःची शाळा काढली.

१९४८ नंतर याच समाजातली हजारो माणसं इस्रायलला गेली. दिमोना, बीरशेबा, लोद इथे नवी भाषा आणि नवं हवामान अंगवळणी पाडायची पाळी आता त्यांची होती. तुम्ही खरे ज्यू का, हा प्रश्नही त्यांना तिथे झेलावा लागला. आंदोलन करून १९६४ मध्ये त्यांनी पूर्ण मान्यता मिळवली. तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं.

आज काय पाहता येईल?

बागमांडला-वेसवी फेरीने गेलात तर बाणकोट किल्ल्यावर जरूर चढा. तिथून खाडीचं मुख आणि पलीकडचा रायगडचा किनारा दिसतो. अलिबागमध्ये इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग आहे, सध्याची इमारत १९१० ची. आत जाण्याआधी तिथल्या लोकांची परवानगी घ्या, कारण ते आजही प्रार्थनेचं ठिकाण आहे.