हेअरवुड हाऊसची उद्यान-टेरेस : स्थापत्य आणि अर्थकारण

प्रस्तावना :
इंग्लंडमधील ग्रामीण प्रासादांच्या अभ्यासात इमारत आणि उद्यान यांचा विचार बहुधा स्वतंत्रपणे होतो. या दोहोंना जोडणारा घटक म्हणजे टेरेस. येथे टेरेस म्हणजे घरावरील गच्ची नव्हे. उतारावर भर घालून व ती संरक्षक भिंतीने धरून तयार केलेला सपाट, बांधीव चौथरा होय. यॉर्कशायरमधील हेअरवुड हाऊसच्या आधारे या घटकाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थापत्यविचार :
एडविन लॅसेल्स यांनी १७५९ मध्ये या प्रासादाचे बांधकाम सुरू केले. जॉन कार हे त्याचे वास्तुकार, तर अंतर्भागाची सजावट रॉबर्ट अ‍ॅडम यांची होती. पुढे १७७० च्या दशकात लॅन्सलॉट ब्राऊन यांनी हिरवळ, वृक्षसमूह आणि तलाव यांची रचना केली. निसर्ग थेट घराच्या भिंतीपर्यंत यावा, ही ब्राऊन यांची दृष्टी होती.

१८४० च्या दशकात चार्ल्स बॅरी यांनी ही दृष्टी बदलली. ब्रिटिश संसदभवनाचे वास्तुकार म्हणून ते प्रसिद्ध आहेत. त्यांनी दक्षिणेकडील स्तंभमंडप काढून टाकला आणि त्या बाजूस इटालियन धर्तीची टेरेस उभारली. दगडी कठडे, पायऱ्या, कारंजी आणि भौमितिक आकाराचे फुलांचे वाफे ही तिची प्रमुख अंगे होत. परिणामी घर व निसर्ग यांच्यामध्ये एक शिस्तबद्ध मधला टप्पा निर्माण झाला. ब्राऊन यांचा तलाव आता कठड्यापलीकडे, चौकटीतील चित्राप्रमाणे दिसू लागला.

आर्थिक पार्श्वभूमी :
लॅसेल्स घराण्याच्या वैभवाचा पाया वेस्ट इंडिजमधील साखरव्यापार व गुलामांच्या श्रमावर चालणारे मळे यांत होता. १८३३ च्या गुलामगिरी निर्मूलन कायद्यानंतर दुसऱ्या अर्लना १,२७७ गुलामांपोटी सुमारे २६ हजार पौंड भरपाई मिळाली; त्या गुलामांना मात्र काहीही मिळाले नाही. ही रक्कम टेरेसवरच खर्च झाली असे म्हणता येणार नाही. तथापि, असा खर्च पेलणारी संपत्ती याच व्यवस्थेतून उभी राहिली, हे नाकारता येत नाही.

समारोप :
तात्पर्य, टेरेस ही केवळ शोभेची रचना नाही. उतारावरील मातीचा भार जसा तिची भिंत पेलते, तसाच या सौंदर्याचा भार दूरच्या मळ्यांतील अनाम श्रमिकांनी पेलला होता. म्हणून वारसा-वास्तूंच्या अध्यापनात कलामूल्य आणि त्यामागील श्रम यांचा विचार एकत्रितपणे होणे आवश्यक ठरते.