मल्लखांब : कुस्तीच्या आखाड्यातून जागतिक स्पर्धेपर्यंत

मुंबईत दादरच्या शिवाजी पार्क मैदानावरील श्री समर्थ व्यायाम मंदिराच्या स्थापनेला २०२५ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. पु. ल. काळे गुरुजी यांनी १९२५ मध्ये स्थापन केलेली ही संस्था मल्लखांबाच्या प्रशिक्षणासाठी विशेष ओळखली जाते. मुळात कुस्तीची पूरक कसरत असलेला मल्लखांब स्वतंत्र क्रीडाप्रकार कसा झाला, हे अशा व्यायामशाळांच्या कार्यातून समजते.

इतिहास

मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. मल्लांनी खांबावर करावयाच्या व्यायामाचा उल्लेख बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात आढळतो. पुढे मागे पडलेल्या या विद्येचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी केले. निजामाच्या राज्यातून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचे आव्हान त्यांनी स्वीकारले आणि त्याच्या तयारीसाठी खांबाचा आधार घेतला, अशी आख्यायिका आहे.

खांबाचे प्रकार

मल्लखांबाचे तीन प्रकार प्रचलित आहेत. पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी लाकडाचा असून जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंच असतो. तो वर निमुळता होत जातो. त्याचे अंग, मान आणि बोंड असे तीन भाग मानले जातात. टांगता मल्लखांब आकड्याला व साखळीला अडकवलेला असल्याने झुलतो आणि स्वतःभोवती फिरतो. त्यामुळे त्यावर तोल सांभाळणे अधिक कठीण असते. तिसरा प्रकार दोरीचा. यात दोरीला गाठ न मारता केवळ वेढे घालून आसने साधली जातात. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांमधील पकड येथे महत्त्वाची ठरते.

प्रशिक्षण आणि विचार

लाकडी खांबाला एरंडेल तेल लावले जाते. त्यामुळे घर्षण कमी होऊन त्वचेला इजा होत नाही. मात्र पकड सुटू नये म्हणून अधिक बळ लावावे लागते. शिकणारा प्रथम उडी मारून खांबाला पायांची पकड घालतो. तिला अढी म्हणतात. त्यानंतर तेढी, दसरंग, फरारे, ताजवे, सुईदोरा असे कठीण प्रकार शिकविले जातात. आखाड्यात हा खांब मल्लाचा प्रतिस्पर्धी मानला जाई. हा प्रतिस्पर्धी वार करीत नाही आणि हारतही नाही. त्यामुळे लढत स्वतःच्या भीतीशी आणि वजनाशीच असते. हाच या व्यायामामागील मूळ विचार होय.

बदललेले उद्दिष्ट

उज्जैन येथे १९८१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेनंतर मल्लखांबाला स्वतंत्र स्पर्धात्मक रूप आले. मध्य प्रदेश शासनाने २०१३ मध्ये त्यास राज्यक्रीडेचा दर्जा दिला. उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार, तर सागर ओव्हळकर यांना २०२२ चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

समर्थ व्यायाम मंदिराचे प्रमुख प्रशिक्षक उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकविला. अशा मुलांसाठी स्पर्श आणि पकड हेच मार्गदर्शक ठरतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली आणि तीत १५ देशांच्या खेळाडूंनी भाग घेतला. देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आज कुस्तीसाठी मल्लखांब अनिवार्य राहिलेला नाही. केवळ मल्लांपुरता मर्यादित राहिला असता तर तो आखाड्यांबरोबरच क्षीण झाला असता. व्यायामशाळांनी तो मुली, शाळकरी मुले आणि दृष्टिहीन यांच्यासाठी खुला केला, म्हणूनच तो टिकला. स्पर्धेतील गुणांबरोबरच ही सर्वसमावेशकता जपणे, हे या क्षेत्रातील संस्थांपुढील आव्हान आहे.