बंद खोलीतील ऊब

कार्तिक संपत आला की पहाटेच्या वाऱ्याला धार येऊ लागते. समुद्राच्या सान्निध्यामुळे कोकणात आणि गोव्यात थंडी सौम्य असते. परंतु नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या परिसरात पारा काही वर्षी ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. दिल्ली, ग्वाल्हेर येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर डिसेंबर-जानेवारीतील धुक्याचे दिवस चांगलेच परिचयाचे आहेत. अशा वेळी दारे-खिडक्या लावून घरात ऊब साठवावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ही ऊब येते कोठून, हे आधी समजून घेतले पाहिजे.

आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. खाल्लेल्या अन्नापासून शरीर ही उष्णता स्वतःच निर्माण करते. पांघरूण आपल्याला उष्णता देत नाही. ते शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक ठेवून, त्यांना धावदोरा घालून शिवलेली गोधडी उबदार लागते, ती त्या थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेमुळे. आपल्या आजीने भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसेल, पण हे तत्त्व तिला हाताने ठाऊक होते. म्हणूनच एका जाड कपड्यापेक्षा एकावर एक घातलेले दोन-तीन पातळ कपडे बहुधा अधिक उपयोगी पडतात. कान, डोके आणि पावले झाकली म्हणजे थंडीचा बराचसा त्रास कमी होतो.

खरा धोका निर्माण होतो तो खोलीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले ठेवून झोपल्याने. उत्तर भारतात अशा दुर्घटना जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात घडतात. कोळसा जळताना ऑक्सिजन पुरेसा मिळाला, तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बंद खोलीत ऑक्सिजन कमी पडू लागला, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अधिक प्रमाणात तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या तुलनेत २०० हून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. परिणामी श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. जागा माणूस डोकेदुखी, चक्कर, मळमळ यांवरून सावध होऊ शकतो. झोपलेल्या माणसाला ही सूचना मिळतच नाही.

धूर थांबून निखारे लाल झाले की शेगडी निर्धोक झाली, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे, कारण हा वायू धुराविनाही तयार होतो. खोलीत पाण्याची बादली ठेवल्यास विष शोषले जाते, हा समजही तितकाच निराधार आहे. शेगडीभोवती बसायचे असेल, तर ते अंगणात किंवा ओसरीवर बसावे. बंद न्हाणीघरात बसवलेल्या गॅसच्या गिझरमुळेही हाच अपघात घडतो. असा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवावा. कोणी बेशुद्ध आढळल्यास प्रथम दारे-खिडक्या उघडाव्यात, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे. बहुतेक राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक उपलब्ध आहे.

थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. त्यामुळे वृद्धांनी व हृदयविकार असणाऱ्यांनी पहाटेच्या गारठ्यात एकदम बाहेर पडू नये. अंथरुणात क्षणभर बसून मग उठावे. रक्तदाबाची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नयेत. भाजले तरी ते त्यांच्या लक्षात येत नाही. तहान लागत नाही म्हणून पाणी पिणे कमी करणे, ही तर या दिवसांत घरोघरी होणारी चूक आहे.

आहाराविषयी फारसे सांगण्याची आवश्यकता नाही. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ आणि डिंकाचे लाडू हे पदार्थ या ऋतूत आपल्या घरांत परंपरेने आहेतच. आंघोळीनंतर अंग किंचित ओलसर असतानाच खोबरेल तेल लावले, तर त्वचा उलत नाही.

आणि दिवसा सूर्य वर आल्यावर खिडक्या अवश्य उघडाव्यात. कोंदट खोलीत सर्दी-खोकल्याचे जंतू एकापासून दुसऱ्याकडे सहज पोहोचतात. काचेआडून येणारे ऊन ऊब देते, परंतु ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी लागणारे किरण काच अडवते. त्यासाठी ओसरीवर, गच्चीवर प्रत्यक्ष उन्हातच बसावे लागते. त्याच उन्हात गोधड्याही वाळत टाकाव्यात. रात्रभर शोषलेली ओल निघून जाते, थरांमध्ये पुन्हा कोरडी हवा भरते आणि संध्याकाळी पांघरूण हलके व उबदार लागते.